श्रावणातला प्रेमदूत

"श्रावणात बोंबील? माझ्या घरात?" बाबा असे ओरडले की बोरीवलीतल्या आमच्या अख्ख्या चाळीचे पंखे दोन मिनिटं थांबले. खोटं वाटेल, पण त्या दिवशी नॅशनल पार्कातला बिबट्याही खाली उतरला नाही.

पुडकं माझ्या पिशवीत सापडलं होतं, पण होतं ते ताईचं. मनोरीच्या एका ख्रिस्ती मुलावर तिचा जीव जडला होता. बाबा तिचा फोन तपासायचे, म्हणून मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने मी निरोप पोचवायचो. तेव्हा एम.ए.ला मी युरोपातली मध्ययुगीन प्रेमाख्यानं वाचत होतो, आणि ताई पोळ्या लाटता लाटता ती ऐकायची. त्यांत सरदाराची मुलगी म्हणजे चालताबोलता सातबारा. लग्न तिच्या जमिनीशी, प्रेम भलत्याशीच, आणि मधे धावणारा दूत. जीव गेला तरी दूत नाव सांगत नाही, खुणेची वस्तू मात्र आणतो. कथांत ती अंगठी असते. आमच्या नायकाने घरचे सुके बोंबील दिले. त्याला कसला श्रावण! आणि मी कथांत इतका बुडालेला, की मलाही आठवला नाही.

"कोणी दिले रे?"

"मीच आणले, बाबा. खावेसे वाटले."

"एवढे? एकट्याला? नाव सांग, नाहीतर चालता हो!"

मी छाती काढून उभा. ताई ओट्यापाशी खोबरं खवत होती. वाटलं, आता बोलेल. निदान रडेल तरी. ती म्हणाली, "बाबा, ह्याचं ना हल्ली असंच असतं. वाचून वाचून डोकं फिरलंय."

हे माझ्या एकाही आख्यानात नव्हतं.

श्रावण सरेपर्यंत माझी रवानगी विक्रोळीला, काकांकडे. खाडीच्या डासांनी मला अर्धा पिऊन टाकलं, पण मनोरी हा शब्द मी ओठांवर येऊ दिला नाही. परतलो तर आईने हातावर पेढा ठेवला. ताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा मुलुंडचा, स्वतःचा फ्लॅट. बघणं, होकार, सगळं माझ्यामागे उरकलेलं.

ती गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. तिथेच गाठली.

"ताई, तुझ्यापायी मला घराबाहेर काढलं गं! आणि तिकडे तो बसलाय वाट बघत, त्याचं काय?"

तिने बाबांचा शर्ट झटकला, घडी घातली.

"मुलुंडला दोन बाथरूम आहेत," ती म्हणाली.