ऑक्टोपसला हृदयं किती?

वाचनालयाच्या दारातल्या काळ्या फळ्यावर खडूकाका रोज सकाळी विज्ञानाची एक ताजी बातमी लिहायचे. माझं केस कापायचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे अकरा वर्षं मी हे बघत आलोय. काका तिथले शिपाई. बायको गेल्यापासून मागच्या खोलीत एकटेच राहायचे आणि बोलायला माणूस नाही म्हणून बहुतेक फळ्याशीच बोलायचे.

त्यांची पद्धत ठरलेली. बातमी तीन ओळींत बसली पाहिजे आणि तिच्यात एकही अडणारा शब्द नको. नव्या दुर्बिणीला फार लांबची दीर्घिका दिसली, तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘हा उजेड आपली पृथ्वी जन्मायच्या आधीच निघाला होता. आत्ता पोहोचला.’ हत्तींवर संशोधन झालं, तेव्हा लिहिलं, ‘हत्ती एकमेकांना नावासारख्या वेगवेगळ्या हाका मारतात, असं दिसतं.’ ते वाचून मला वाटलं, या माणसाला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. वाटलं, आणि मी वस्तऱ्याला धार लावायला वळलो. दिवसभर माझ्या तोंडाची टकळी चालू असते, पण ‘काका, मी रोज वाचतो’ एवढं एक वाक्य काही माझ्याच्याने झालं नाही.

मागच्या महिन्यात वाचनालयाचे चिटणीस फळ्यापाशी थांबले आणि हसत हसत विचारून गेले, कोण वाचतं हो तुमचं हे? त्यापेक्षा शिकवणीची जाहिरात लावलेली बरी. काकांच्या ते फार जिव्हारी लागलं.

मग त्यांनी काय केलं, ते मला नंतर कळलं. ऑक्टोपस झोपेत रंग बदलतो, त्याला बहुधा स्वप्नं पडत असावीत, ही खरी बातमी लिहून त्यांनी शेवटी मुद्दाम एक खोटं घुसडलं: ‘एवढ्या हुशार प्राण्याला हृदय मात्र एकच.’ असतात तीन. कोणीतरी येऊन चूक दाखवेल, म्हणजे निदान एक वाचक तरी सापडेल, असा त्यांचा होरा. तीन दिवस ते दाराशी स्टूल टाकून बसले. कोणी फिरकलं नाही. आणि मी दीडशहाणा, ‘एकच हृदय बरं का’ म्हणून खुर्चीतल्या चार गिऱ्हाइकांना ऐकवून मोकळा झालो होतो. चौथ्या दिवशी काकांनी फळा पुसला आणि कोराच ठेवला.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी शाळेतून थेट त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. आठवीतली असेल. तिचा चेहरा बघून मी गिऱ्हाईक अर्धवट सोडलं आणि रस्ता ओलांडला. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत तिने ‘एक’ सांगितलं होतं. बाई ‘तीन’ म्हणाल्या, तर ही सगळ्या शाळेसमोर त्यांच्याशी भांडली आणि मुलं फिदीफिदी हसली. दप्तरातून तिने एक जाड वही काढली. फळ्यावरची दोन वर्षांतली प्रत्येक बातमी त्यात तारीखवार उतरवलेली होती.

“काका, तुम्ही चला ना बाईंकडे. त्यांना सांगा, त्या चुकल्यात.”

काकांनी पानं उलटली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बाई बरोबर आहेत, बाळा,” ते म्हणाले. “मी मुद्दाम खोटं लिहिलं. कोणी वाचतं का, ते बघायचं होतं.”

मुलीने वही त्यांच्या हातातून काढून घेतली.

“मग यातलं खरं कुठलं?”

बाकी सगळं खरं आहे, असं काका तिला परत परत सांगत राहिले. तिने मान हलवली, वही दप्तरात घातली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मोठ्या अक्षरांत चूक कबूल केली. मीही आता रोज जाऊन सांगतो, वाचलं हं काका. हे आधी सुचायला हवं होतं, याची मला लाज वाटते. ते मान डोलावतात, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे असते. ती मुलगी हल्ली माझ्या दुकानाच्या बाजूने शाळेत जाते, खाली मान घालून.