गरम कपाटातल्या डब्या

संशय घेणं हेच माझं काम आहे. नागभीडच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या एका लहानशा कारखान्यात मी मलम तपासते. मोहाच्या फळातली बी, जिला आमच्याकडे टोळी म्हणतात, ती गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांतल्या बाया गोळा करतात. तिचं तेल काढून आमची संस्था टाचांच्या भेगांवरचा मलम बनवते. डबीवर ‘दोन वर्षांच्या आत वापरा’ असं छापायचं, तर तो खरंच तेवढा टिकतो का हे आधी कुणीतरी पाहायला हवं. ते मी पाहते.

काही भरलेल्या डब्या मी गरम कपाटात ठेवते, काही फ्रिजमध्ये. ठरावीक दिवशी बाहेर काढून वास घेते, रंग बघते, लेबल सुटलंय का, झाकण फिरतंय का ते तपासते आणि वजन करते. कपाटात चाळीस अंश तापमान असतं, म्हणजे तिथे मलम लवकर म्हातारा होतो आणि पुढचं आजच कळतं. मे महिन्यात मात्र बाहेर त्याहून जास्त गरम असतं. पॅकिंगच्या बाया मला चिडवायच्या, “मॅडम, आमालेच ठेवा त्या कपाटात. जरा थंड तरी लागन.”

गरम कपाट ज्या तपासणीच्या खोलीत होतं, तिच्या चाव्या दोनच होत्या. एक माझ्याकडे आणि दुसरी माझ्या थोरल्या जावेकडे. ती रोज सकाळी लवकर येऊन खोली झाडायची, कपाट पुसायची आणि मग पाणी भरायला जायची. तिला ते काम मीच मिळवून दिलं होतं. आम्ही एकाच घरात राहतो. संध्याकाळी एकाच स्कूटरवर घरी जायचो, ती मागे बसून दिवसभराच्या गोष्टी माझ्या कानात ओरडून सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात कपाटातल्या डब्यांचं वजन घटायला लागलं.

पहिल्यांदा मी वजनकाट्यावर संशय घेतला. प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, काटा बरोबर होता. मग स्वतःवर घेतला, डब्या अदलाबदल झाल्या असतील म्हणून. पुढच्या खेपेला वजन आणखी घटलं. फ्रिजमधल्या डब्या मात्र जशाच्या तशा. झाकण उघडलं की मलमाचा पृष्ठभाग मध्यभागी खोलगट दिसायचा, कुणी बोट फिरवून घेतल्यासारखा.

संस्थेचे सचिव म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांना मी आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “चाबी कोणाकडे असते?”

“माझ्याकडे. आणि बाईकडे.”

“म्हणजे तुमच्या जावेकडे.”

“भाऊ, फक्त गरम कपाटातलंच वजन घटतंय. फ्रिजमधलं नाही.”

“फ्रिज माझ्या खोलीत आहे,” ते म्हणाले. “माझ्यासमोरून कोण काढेल?”

त्या दिवशी दुपारी ते पॅकिंगच्या टेबलाजवळ बराच वेळ उभे होते. एरवी ते तिकडे फिरकत नसत.

संध्याकाळपर्यंत संशय कुणावर आहे ते सगळ्यांना कळलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं, तरी कळलं होतं. रोज एका वर्तुळात बसून जेवणाचे डबे उघडणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी दोन ठिकाणी बसल्या. माझी जाऊ जवळून गेली की एक जण नाकानं हवा ओढायची. तीच पुढे सचिवांना म्हणाली, “त्याइच्या पदराले मलमाचा वास येते, भाऊ. रोजच येते.”

मग जे झालं ते सगळ्यांसमोर झालं. सुट्टीच्या वेळी सचिवांनी माझ्या जावेला थांबवलं आणि पिशवी दाखवायला सांगितली. तिला आधी कळलंच नाही. तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, औषधाची पट्टी आणि एक घडी केलेलं फडकं. सचिवांनी फडकं उचलून नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. टोळीच्या तेलाचा वास मला माझ्या जागेवरून आला.

“हे काय?”

“फडकं हाये. कपाट पुसतो ना मी त्यानं.”

“घरी काऊन नेता?”

“इथी नळाले पानी कुठी हाये? घरी धुतो, सकाळी आनतो.”

“उद्यापासून काही दिवस येऊ नका,” सचिव म्हणाले. “बघू आपण.”

मी म्हणाले, “भाऊ, असं कसं...” त्यांनी हात वर करून मला थांबवलं. जावेनं चावी टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं, ती हिशेब लावत होती. स्कूटरजवळ आल्यावर म्हणाली, “मी ऑटोनं जातो.” आणि चालायला लागली.

घरी तिनं एकच प्रश्न विचारला, तोही चुलीकडे तोंड करून. “तूच सांगतलं ना साहेबाले?”

“मी फक्त वजनं दाखवली, बाई.”

“मंग चाबीचं कोनं सांगतलं?”

मी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं होतं, पण हे वाक्य तोंडातून काढायच्या आधीच मला ते लंगडं वाटलं. संध्याकाळच्या वंदनेला आम्ही बुद्धाच्या फोटोसमोर शेजारी शेजारी उभ्या राहिलो. तिचा आवाज ऐकू आला नाही. ओठ हलत होते.

पुढचे काही दिवस आमच्या घरात दोघीही एकमेकींवर नजर ठेवून होतो. ती मोरीत पाय धुताना मी तिच्या टाचांकडे पाहायचे. टाचा फुटलेल्या होत्या, नेहमीसारख्याच, भेगांत माती बसलेली. मलम घेतला असता तर लावला नसता का? पण संशयाला तेवढ्यानं थांबता येत नाही. बहिणीला दिला असेल. माहेरी पाठवला असेल. मी फोनवर कुणाशी हळू बोलले की ती भांडी घासायची थांबायची. कारखान्यातून कुणाचा फोन आला, तिच्याबद्दल काय ठरलं, हे तिला माझ्या तोंडावरून वाचायचं होतं.

कारखान्यात तपासणीची खोली आता बंदच असायची. दोन्ही चाव्या माझ्याकडे. झाडायलाही कुणाला देऊ नका, असं सचिवांनी बजावलं होतं. मध्ये मला तेलाचे नमुने आणायला कुरखेड्याकडे जावं लागलं. परत आल्यावर खोली उघडली, कपाट उघडलं आणि डबी उचलायला हात घातला तर बोटं घसरली.

डबीखालचा ट्रे तेलकट होता. प्रत्येक डबीच्या बुडाशी पिवळसर तेलाचं गोल कडं उमटलेलं होतं. झाकणाच्या काठावर बारीक बारीक थेंब होते. मी एक पुसला आणि बोट नाकाशी नेलं. टोळीचं तेल.

मी खाली बसले. बाई रोज सकाळी हेच पुसत होती. माझ्या येण्याआधी ट्रे लख्ख करून, डब्या एकेक पुसून, ओळीत लावून ठेवत होती. तेल तिच्या फडक्यात जात होतं, पदरात जात होतं. काय पुसता, असं तिला आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. आणि कपाट पुसलं की फडकं तेलकट होतं, यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटायचं कारण नव्हतं. मलमाच्या कारखान्यात सगळंच तेलकट असतं.

झाकण काढून डबीचा गळा खिडकीशी धरला. झाकणाखाली जो भाग झाकला जातो तिथे केसासारख्या बारीक चिरा होत्या. एका डबीला, दुसरीला, सगळ्यांना. तिथून तेल झिरपून मलम मध्ये खचत होता, बोट फिरवल्यासारखा. फ्रिजमधल्या डब्यांना मात्र एकही नाही.

आता माझा संशय डबीवर गेला. आम्ही पहिली तपासणी केली ती दुधाळ रंगाच्या, मऊ प्लास्टिकच्या डब्यांत. त्यात मलम नीट राहिला होता. नंतर नागपूरच्या एजंटनं त्याच मापाच्या, पण काचेसारख्या चकचकीत डब्या पाठवल्या. सगळ्यांना आवडल्या. नव्या डबीसोबत मलम पुन्हा तपासावा लागेल, असं मी म्हटलं तेव्हा सचिव म्हणाले होते, “डबीच तर बदलली. आतला माल तोच आहे ना?” कपाटातल्या या नव्या डब्यांची तपासणी सुरू करायला मला परवानगी मिळाली, पण विक्रीसाठी भरणं थांबलं नाही. मलम चांगला असतो आणि डबीही चांगली असते, तरी दोघांचं एकमेकांशी पटत नाही, असं होतं. तेल काही प्लास्टिकांना हळूहळू ठिसूळ करतं, आणि उष्णतेत ते लवकर होतं.

जुन्या दुधाळ डब्या गोदामात थोड्या उरल्या होत्या. एकाच कढईतला मलम मी त्यांत भरला, काचेच्या बरण्यांत भरला आणि चकचकीत डब्यांत भरला. सगळं एकाच कपाटात, एकेका कोऱ्या कागदावर ठेवलं. खोलीला कुलूप लावून दोन्ही चाव्या सचिवांच्या हातात दिल्या. “आता मीही जाणार नाही. तुम्हीच उघडा.”

त्यांनी उघडलं तेव्हा मी शेजारी उभी होते. दुधाळ डब्यांखालचा कागद कोरडा. बरण्यांखालचा कोरडा. चकचकीत डब्यांखाली तेलाची कडी. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. मला वाटलं, आता ते माझ्यावर संशय घेतील, जावेसाठी हिनंच तेल सांडलं म्हणून. त्यांच्या मनात ते आलंही असावं, कारण त्यांनी एक डबी स्वतः उघडून चिरेवरून नख फिरवलं. नख अडकलं तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला.

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, मालात काही फरक नाही. तुमच्या तेलातच कुणीतरी काही मिसळलं असेल, बघा.” म्हणजे आता संशय जंगलातल्या बायांवर. तेच तेल दुधाळ डबीत शांत बसलंय, असं मी सांगितलं तेव्हा त्यानं नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला. नंतर तो कधी बोलला नाही. आम्ही दुसरा पुरवठादार शोधला, आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या दुकानांतून त्या डब्यांत भरलेला माल परत आणला.

सचिव आमच्या घरी आले. खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, “झालं गेलं विसरा, बाई. उद्यापासून या.”

जाऊ उभीच होती. “विसरतो. पन पयले सांगा, काय झालं होतं ते. पिशवी सगळ्याइच्या समोर उघडली, तसं सगळ्याइच्या समोर सांगा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. पॅकिंगच्या टेबलाजवळ उभं राहून, चिरलेली डबी हातात धरून, मास्तरांच्या जुन्या सवयीनं समजावून. शेवटी “बाईंची काही चूक नव्हती, चूक माझी झाली” असं म्हणाले, जरा घाईत, पण म्हणाले. पदराच्या वासाबद्दल बोललेली बाई लेबलं सारखी करत राहिली. माझ्या जावेला चावी पुन्हा देऊ केली तेव्हा तिनं घेतली नाही. ती पॅकिंगच्या टेबलाशी गेली आणि त्याच बाईला म्हणाली, “सरक जरा.”

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “बाई, मी तुमचं नाव चोरीसाठी घेतलं नव्हतं. चावी कुणाकडे असते एवढंच सांगितलं.”

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“असन,” ती म्हणाली.

आता आम्ही बोलतो, हसतो, भांडतोही. पण त्या ‘असन’मध्ये, त्या ‘असेल’मध्ये, तिचा किती विश्वास होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.