ड्रॅगनच्या नाकातली शीळ

कुरुंद्याच्या तातेरावांना प्रश्न विचारायची भारी खोड. एसटी थांबली की ड्रायव्हरला ब्रेकचं विचारतील, पाहुणा आला की त्याच्या गावच्या विहिरीचं. दोन देशांचे लोक मिळून लेकरांसाठी ड्रॅगनचा सिनेमा काढत होते आणि त्यातली एक गोरी बाई ड्रॅगनला शोभेल असा आवाज शोधत गावात आली, तेव्हा तिला आपल्या गोठ्यात त्यांनीच नेलं.

"हे ड्रॅगन खातं काय?" त्यांनी बाईसोबतच्या दुभाषी प्रतीक्षाला विचारलं. बाई हसली. ते अजून ठरलं नव्हतं.

"रवंथ करतं का?"

तेही ठरलं नव्हतं.

बाईला बैलाचं डुरकणं हवं होतं. हिऱ्या त्यांचा लाल कंधारी बैल. लहानपणी वेसणीनं नाकपुडी फाटलेली, म्हणून झोपला की नाकातून शीळ वाजायची आणि तातेरावांच्या बायकोची, शालूबाईंची, झोप मोडायची. एरवी पोळ्याच्या वाजंत्रीला डुरकणारा हिऱ्या त्या दिवशी केसाळ माईककडे बघत गप्प राहिला. कडबा खाल्ला आणि बसल्या बसल्या पेंगला. बाईनं माईक त्याच्या नाकाशी धरला, काहीतरी टिपलं आणि गेली.

"धन्यावर न्हाई गेला बैल," शेजारचे रामकिशन म्हणाले. "तुमचा आवाज घेतला असता तर तीन सिनेमे निघाले असते."

तातेरावांना मात्र एकच घोर लागला. सिनेमात हिऱ्या असंल का?

पुढं सिनेमा हिंदीत होऊन हिंगोलीला लागला. नातीला, सृष्टीला, घेऊन ते गेले. ड्रॅगन गरजला की डोळे मिटून ऐकायचे.

"हा आपला न्हाई."

"आबा, डोळे तर उघडा. आग ओकून राहिला तो."

"ओकू दे."

सिनेमा संपत आला. दमलेला ड्रॅगन सिनेमातल्या पोरीच्या मांडीवर डोकं टेकून झोपला. एक लांब श्वास आला आणि तो सुटताना बारीक शीळ वाजली. तातेरावांनी सृष्टीचा हात घट्ट धरला. डोळे आता उघडे होते.

घरी शालूबाईंनी दारातच विचारलं, "व्हता का मग?"

"व्हता. झोपेतला."

"म्हंजे तिकडच्या बायांचीबी झोप गेली आता."

तातेराव हसले. पाय धुता धुता मधेच थांबले.

"पण ते खातं काय, ते काही शेवटपर्यंत दाखवलं न्हाई."