सुपारीच्या डब्यातली पावर

आमच्या भाऊजींइतका शिल्लक ठेवणारा माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात झाला नसेल. बिडी अर्धी विझवून कानावर ठेवत. रागसुद्धा बांधावर अर्धाच काढत. उरलेला संध्याकाळी ताईच्या वाट्याला येई. मग औषधाच्या गोळ्या पूर्ण संपवणे कुठले! ताप उतरला की राहिलेल्या गोळ्या सुपारीच्या डब्यात जात. बिरसीला त्यांच्या ओसरीवर कोणी खोकला, की सुपारीबरोबर गोळीही पुढे येई. "घे, पावरची आहे." धान कापताना कोणाचे बोट कापले, तर लाल-पिवळी कॅप्सूल उघडून भुकटी जखमेवर शिंपडत. वर गावाजवळच्या विमानतळावरचे शिकाऊ विमान घिरट्या घालत असे. "तो अजून शिकूनच राहिला," ते म्हणत, "आपण तं कवाचे डॉक्टर झालो." अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, असे मी एकदा म्हणालो. "मास्तर, तुमच्या पुस्तकातले नसतील मरत. आमचे बिरसीचे जंतू गरीब आहेत."

एका हंगामात विळा त्यांच्याच पायाला लागला. भुकटी शिंपडून झाली, डब्यातल्या गोळ्या खाऊन झाल्या. पाय सुजून ग्लानी आली, तेव्हा आम्ही त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेले. तिथे औषधे बदलत गेली, ताप हटेना. शेवटी तपासणीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई खाटेशी बसल्या.

"काका, हे जंतू आता बहुतेक औषधांना जुमानत नाहीत."

"म्हणजे मीच पोसून राहिलो होतो का त्यायले?"

बाईंनी रिपोर्टची घडी घातली. "तुम्ही एकटे नाही. आम्हीही. साध्या सर्दीलाही ह्याच गोळ्या लिहून देतो ना."

त्या दिवसापासून भाऊजींनी कोपऱ्यातल्या खाटेवरून नवीच डॉक्टरकी सुरू केली. हात धुतल्याशिवाय ते कोणाला जवळ येऊ देईनात, खुद्द डॉक्टरांनाही. "साहब, हाथ धोए क्या? मेरे जंतू उधर मत ले जाना." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सुट्टी मिळाली. उरलेल्या गोळ्यांची पुडी पदराला बांधत त्याची सून म्हणाली, "बरे झाले आता. ह्या पुढे कामी येतील." आवाज उरला नव्हता, तरी भाऊजी ओरडले, "काऊन ठेवून राहिली बाई? पुऱ्या खाऊ घाल त्याले. शिल्लक नोको ठेवू!"

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकले. पुढे ते फारसे बोलले नाहीत, आणि घरीही आले नाहीत.

तेरवीला ओसरी भरली होती. एक शेजारी खोकला आणि त्याने सवयीने हात पुढे केला. ताईने डबा उघडला. आत नुसती सुपारी होती.

"गोळी?"

"टाकायले लावल्या त्यायनं. दवाखान्यात दाखव भाऊ."

तिने त्याच्या हातावर सुपारी ठेवली. त्याने ती तोंडात टाकली नाही. मूठ मिटून घेतली.