पुढची गाडी

वडील धुळ्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे. मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि प्रोजेक्टसाठी त्यांनीच मला गाड्यांच्या वेळा उतरवून दिल्या होत्या. फेब्रुवारीत एका दुपारी ते ड्युटीवरून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले. तेरावं झाल्यावर मी होस्टेलवर परतले. रडू येत नव्हतं. मैत्रिणी जपून बोलायच्या. मला ते नुसतं ऐकू यायचं.

माझा प्रोग्राम साधा होता. प्रवाशाने वेळ सांगायची, त्यानंतरची पहिली गाडी कॉम्प्युटरने दाखवायची. जावा भाषेत तेव्हा ट्रीमॅप ही नोंदी ठेवायची सोय नवी होती. त्यात सुटण्याची वेळ ही किल्ली, गाडी ही तिची नोंद, आणि किल्ल्या आपोआप क्रमाने लागलेल्या.

"मग तू पहाटेपासून एकेक गाडी का तपासतेस?" प्रोजेक्टच्या सरांनी विचारलं. "विचारलेली वेळ मॅपमध्ये नसली तरी चालतं. टेलमॅपला ती वेळ दे, तिथून पुढचा भाग मिळेल. त्यातली पहिली किल्ली घे."

"आणि आधीची गाडी हवी असली तर?"

"हेडमॅप, त्या वेळेआधीचा भाग. त्यातली शेवटची." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "घाई नाही गं. घरी जाऊन ये हवं तर."

"नको सर."

बारा ओळी खोडून मी एक लिहिली. दीडशेच गाड्या, वेगात फरक जाणवलाही नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रात्री पावणेबाराची वेळ टाकली. त्यानंतर गाडीच नव्हती. पुढचा भाग रिकामा, पहिली किल्ली मिळणार कुठून? प्रोग्राम बंद पडला.

"खिडकीत माणूस असता तर त्याने काय सांगितलं असतं?" त्यांनी विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं. सर खाली बघायला लागले.

"पहाटेची पहिली गाडी," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला. तिथेच दुरुस्ती केली: पुढचा भाग रिकामा असेल तर सगळ्या मॅपमधली पहिली किल्ली द्यायची. पुन्हा चालवलं. पडद्यावर पाचची साक्रीची गाडी आली.

"ठीक," म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी मी धुळ्याला पोचले. आईने दार उघडलं.

"व्हई गयं का बठ्ठं?" सगळं झालं का, तिने अहिराणीत विचारलं.

"व्हई गयं."

तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. भूक होती की नाही आठवत नाही, पण दोन खाल्ल्या.