सीडीखालचं नाव

पेणच्या आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपालबाई कशावरही चटकन विश्वास ठेवत नसत. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले, की त्या मनगटावरचं बघत, मग शिपायाला विचारत आणि तेव्हाच ग्रंथालय उघडत. रोज रोह्याहून येत. गाडीला उशीर झाला, तर त्याचं कारणही दोघांना विचारत.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा ग्रंथालयात संगणक आला आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून माहितीच्या सीडींचा एक खोका. संगणकाला हार घातला, नारळ फुटला, ज्ञानगंगा दारी आल्याचं प्राचार्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. मागे उभ्या असलेल्या बाई आम्हा मुलींना हळूच म्हणाल्या, "गंगा आली, चांगलं झालं. पाणी मात्र गाळून प्या गो."

आम्ही कसलं गाळतोय! तिसऱ्या वर्षाला मी पेणच्या खाडीवरच्या मिठागरांवर प्रकल्प घेतला. तो नापास झाला तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं की घरचे माझं लग्न उरकणार होते. म्हणून मी डोकं चालवायचा धोका पत्करला नाही. सीडीतलं जसंच्या तसं उतरवलं.

बाईंनी वही वाचली. "मीठ यंत्रानं गोळा करतात? पेणला कधी आलं हे यंत्र?"

"सीडीत आहे, बाई."

"असेल. पण ते कुठल्या गावचं, बघितलंस? तुझे वडील मिठागरावर ना? त्यांना वाचून दाखव."

माझं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवायची ती पहिलीच वेळ. दोन पानं त्यांनी ऐकून घेतली. "ह्यो कुठला गाव गो? यंत्र हाय, तर माझं पाय काय शोभेला हायेत?" मग मिठाच्या वाफ्याची जमीन पायांनी कशी तुडवतात, त्यात खाडीचं पाणी कधी सोडतात, ते सांगत बसले. मी वही नव्याने लिहिली आणि संदर्भांच्या यादीत सीडीखाली बाबांचं नाव घातलं.

विभागप्रमुखांनी त्यावर लाल रेघ मारली. "संदर्भात घरची माणसं घालत नाहीत. नापास."

बाई वही घेऊन त्यांच्याकडे गेल्या. मी दाराशी उभी. "सर, यातलं एक चुकीचं वाक्य दाखवा."

"वाक्याचा प्रश्न नाही. या गृहस्थांची पात्रता काय?"

"तीस वर्षं मीठ काढतात. आपण किती वर्षं काढलंत?"

सर हसले नाहीत, पण त्यांनी पास केलं. काठावर.

बाईंनी त्या वहीचा गोषवारा संगणकातल्या सूचीत घातला, माहिती देणारा म्हणून बाबांच्या नावासकट. निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी बाबांना मुद्दाम बोलावून घेतलं. नाव टाइप केलं, पडद्यावर नोंद आली. बाबांना वाचता येत नव्हतं. मी वाचली.

"म्हंजे कोनीपन इचारलं तर माझं सांगनं हितं दिसल?"

"व्हय," बाई म्हणाल्या.

बाबा पडद्याजवळ वाकले. "मग त्यात घाला बाय, औंदा खाडीचा बांध फुटलाय. अर्ध्या वाफ्यांत मीठ नाय. नायतर वाचनारा फसल."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि तसं नोंदवून घेतलं. सूचीतलं त्यांचं ते शेवटचं काम.