सगळे वर आले का?

रविवार, १ एप्रिल १९७३. पाडवा तीन दिवसांवर आला होता आणि माझ्या भिंती पोतारायच्या राहिल्या होत्या. टोपली-खुरपं घेऊन मी निघाले, तशी शेजारच्या ओट्यावरून काठी दोनदा वाजली. गल्लीतलं कुणीही बाहेर पडलं की साहेब काठी आपटत. आता ते नाहीत. पण मी अजून दाराबाहेर पाऊल टाकताना क्षणभर थांबते.

"बाई, कुठं?"

"इथंच," मी म्हटलं. पांढरी माती आणायला टेकाडाकडे निघालेय म्हटलं असतं, तर त्यांनी सोडलं नसतं.

साहेब सरकारच्या पुराणवस्तू खात्यातून निवृत्त झालेले. सरकारी जमिनींवरची जुनी टेकाडं राखण्यात आणि खणण्यात त्यांची सारी नोकरी गेली. मग बायको, मुलगा, सून आणि नातवंडांसह ते संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, प्रवरेकाठी राहिले. जेवायला सगळे पानावर बसले की ते डोकी मोजत आणि विचारत, "सगळे वर आले का?"

"आजोबा, आपण खाली कधी गेलो होतो?" नातवंडं खिदळत. तुम्हीही हसाल. आम्ही तर रोज हसायचो.

एकदा मी चौथीचा वर्ग त्यांच्याकडे नेला होता. आमच्या टेकाडात फार जुनं गाव गाडलेलं आहे, त्या लोकांची तान्ही मुलं गेली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातच पुरत, असं त्यांनी सांगितलं. पोरं टरकली. साहेब म्हणाले, "मेलेलं माणूस काही करत नाही. त्याच्यावरची माती करते. मातीला भ्या." मला ते पटलं. भुताखेतांचा मला तसाही कंटाळा.

तर त्या रविवारी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांना सुट्टी होती. टेकाडाच्या पायथ्याला माती कोरून कोरून खोल कपार झालेली. आत गार वाटायचं. त्या आणि साहेबांची सून मिळून अकराजणी, आणि बारावी मी.

साहेब आले ते अनवाणी, धापा टाकत. "बाहेर या. वर भेग पडलीय. माझी निम्मी काठी आत गेली."

"सायेब, तुमच्या खापऱ्या न्हाई फोडत आमी," तुळसाबाई म्हणाली. "पाडवा काय तुमच्या काठीसाठी थांबनार हाय व्हय?"

सुनेनं लाजून पदर पुढे ओढला. कुणी हललं नाही.

साहेबांनी कपारीच्या छताकडे पाहिलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "अमावस्या परवावर आलीय. इथं पुरलेली पोरं या दिवसांत आया शोधतात."

टोपल्या टाकून बायका किंचाळत पळाल्या. मला हसू आलं. एवढा शिकलेला माणूस! मी खुरपं चालवत राहिले.

बाहेरून मोजणं ऐकू आलं. "...दहा, अकरा." परत पहिल्यापासून. "अकरा."

माझ्या मानेवर माती भुरभुरली. वाकून आत आलेल्या साहेबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा ओला, गार होता.

"भ्यायचं नाही, हे मीच शिकवलं तुम्हाला," ते कुजबुजले. मोठ्यानं बोलायचंही भय वाटत होतं त्यांना. "चला."

तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं; भेग माझ्या डोक्यावरच उघडली होती. टोपली तिथंच राहिली.

बाहेर आलो, तर काहीच कोसळलं नाही. "म्हाताऱ्यानं उगा भ्या दावलं," म्हणत बायका घरी गेल्या. साहेब मात्र कुणी परत येऊ नये म्हणून ऊन उतरेपर्यंत वाटेवर आडवी काठी धरून बसले. मीही बसले.

"एकदा खंदकात हाडं निघाली," ते म्हणाले. "एक गडी भिऊन वर चढत होता. मी म्हटलं, घाबरतोस काय, उतर खाली. दुपारी खंदकाची कड ढासळली. संध्याकाळी मोजले, तर एक कमी."

दिवेलागणीला जमीन हादरली. टेकाडाच्या बाजूनं धुरळा उठला. सगळी गल्ली दारात आली. ओट्यावरून साहेबांचा चिरका आवाज आला, "सगळे वर आले का?"

कुणी हसलं नाही. "आले, मामंजी," सून म्हणाली. मग दारादारातून, "आले, सायेब." तुळसाबाईचाही आवाज आला. राहिले होते मी. मी ओ दिल्याशिवाय साहेब खाली बसले नाहीत.

सोमवारी सकाळची शाळा होती. मी मुलांना भिंतीपासून लांब, पटांगणात बसवलं. हजेरीपट उघडला नाही. एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.